जळू दिसते, गोचीड दिसत नाही

जून उजाडला की पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर सूचनांच्या याद्या फिरू लागतात. रेनकोट, जास्तीचे मोजे, पकड असलेले बूट आणि जळवांसाठी मिठाची किंवा तंबाखूची पुडी. जळू चिकटली की आरडाओरडा होतो, फोटो निघतात, पोटरीवरचा रक्ताचा ओघळ मिरवत मंडळी गड उतरतात. खरे तर सह्याद्रीतली जळू थोडे रक्त पिण्यापलीकडे सहसा काही बिघडवत नाही. दिवाळीच्या सुमारास गवत वाळते, जळवा दिसेनाशा होतात आणि भटक्यांचा सुखाचा हंगाम सुरू होतो. तंबूतले मुक्काम, नाताळातली कोकण-गोव्याची सहल, पुढे काजू आणि आंब्याच्या दिवसांतले होमस्टे. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात नेमक्या याच महिन्यांत पाचोळ्यातल्या गोचिडीची पिल्ले भुकेली असतात. त्यांच्यासाठी सूचनांच्या यादीत क्वचितच एखादी ओळ सापडते.

पुण्याच्या बाबतीत ही उणीव जास्त खटकते, कारण गोचिडीमुळे पसरणाऱ्या भारतातल्या सर्वांत गंभीर आजारांपैकी एकाचा छडा पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी लावला आहे.

१९५७ सालच्या उन्हाळ्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली. आसपासच्या गावांतली माणसेही तापाने फणफणू लागली. तपासाला गेले ते पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे पथक. रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९५२ मध्ये उभारलेले हे केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, ‘एनआयव्ही’. केंद्राचे संचालक टेलफोर्ड वर्क, कीटकशास्त्रज्ञ हॅरल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांच्या मनात पहिला संशय आला तो पीतज्वराचा. दक्षिण अमेरिकेत माकडे आणि माणसे एकाच वेळी मारणारा हा आजार. तो पसरवणारे डास भारतात होते, आजार मात्र कधी आलेला नव्हता. तो शिरला असता तर अनर्थ ओढवला असता. प्रयोगशाळेत हाती लागलेला विषाणू निघाला वेगळाच. तो रशियाच्या जंगलांतल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला होता आणि त्याची वाहक होती हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची जंगली गोचीड. जंगलाच्या नावावरून आजाराला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ म्हणू लागले. सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्याला माकडताप म्हणतात.

रशियातल्या विषाणूचा भाऊबंद कर्नाटकात कसा आला, या प्रश्नाने पुढे पक्षिशास्त्रज्ञांनाही कामाला लावले. सैबेरियातून हिवाळी मुक्कामाला येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर विषाणू आणत असतील का, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायात कड्या घालण्याची मोठी मोहीम हाती घेतली. भारतात स्थलांतराविषयी जी माहिती जमली, तिच्यातल्या बऱ्याच भागाचे श्रेय अशा रीतीने एका गोचिडीकडे जाते. इकडे पुण्यात या विषाणूवर काम करता करता प्रयोगशाळेतल्या काही कर्मचाऱ्यांनाच लागण झाली. म्हणजे महाराष्ट्राच्या जंगलात माकडताप दिसण्याच्या कितीतरी आधी तो पुण्यातल्या माणसांनी अंगावर काढला होता. आज असे घातक विषाणू पाषाणमधल्या सर्वोच्च जैवसुरक्षेच्या ‘बीएसएल-४’ प्रयोगशाळेत हाताळता येतात. ही प्रयोगशाळा २०१२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली.

पहिली काही दशके हा आजार शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपुरता राहिला. मग त्याने हातपाय पसरले. २०१२ च्या अखेरीस बंडीपूर व्याघ्र प्रकल्पात मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणारे वनकर्मचारी आजारी पडले. पाठोपाठ केरळातल्या वायनाडमध्ये रुग्ण सापडले. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि त्यानंतरच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरात माकडताप पोहोचला.

या गावांची नावे वाचताना पुण्यातल्या भटक्याला ओळखीचे काहीतरी वाटायला हवे. तिळारीचे धरण दोडामार्गात आहे, आंबोली सावंतवाडी तालुक्यात, चोर्ला घाट उतरला की सत्तरी लागते आणि म्हादईचे अभयारण्यही तिथेच. स्वारगेटहून रात्री बसलेला माणूस सकाळी या भागात चहा पीत असतो.

आजाराचा खरा मार मात्र पर्यटकांनी सोसलेला नाही. तो सोसला काजूच्या बागांत राबणाऱ्यांनी. काजूचे बोंडू पिकून खाली पडते ते फेब्रुवारी ते मे या काळात. ते वेचायचे तर वाळलेल्या पानांच्या थरात दिवसभर वाकून हात घालावा लागतो. बागेला लागून जंगल असते, जंगलातून माकडे येतात आणि त्यांच्या अंगावरून रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडी पाचोळ्यात पडतात. गोव्यातल्या बागांत हंगामी कामाला गेलेले बेळगाव भागातले मजूर असेच आजारी पडले. कोकणात भाजावळीसाठी, गोठ्यासाठी पातेरा गोळा करून आणण्याची रीत जुनी आहे. त्या भाऱ्यांबरोबर गोचीड थेट घराच्या अंगणात येऊ शकते. पर्यटक या साखळीत चार दिवसांचा पाहुणा. पण ‘बाग बघायला या, बोंडू स्वतः वेचा’ अशा निमंत्रणावरून तोही त्याच पाचोळ्यात बसतो आणि तेही बहुतेक वेळा हाफ पँट घालून.

चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप एकदम चढतो. डोके ठणकते, अंग आणि कंबर मोडून येते, उलट्या होतात, डोळे लाल होतात. काहींना नाका-हिरड्यांतून किंवा पोटात रक्तस्राव होतो. काही रुग्णांमध्ये आठवडा-दोन आठवडे बरे वाटून ताप पुन्हा उलटतो आणि या खेपेला मेंदूवर जातो. शंभरांतले तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर नेमके औषध नाही. शरीरातले पाणी टिकवणे, रक्तस्राव सांभाळणे, एवढेच उपचार हाती असतात. कर्नाटकात वर्षानुवर्षे वापरलेल्या लशीचा गुण उतरल्याने ती अलीकडे थांबवण्यात आली आणि नव्या लशीचे काम सुरू आहे. आजार माणसाकडून माणसाला होत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

आता खरी अडचण. दोडामार्गातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फेब्रुवारीत असा रुग्ण आला तर डॉक्टरांच्या मनात माकडताप लगेच येतो. तोच रुग्ण सहल संपवून कोथरूडला परतला, पाचव्या दिवशी तापला आणि जवळच्या दवाखान्यात गेला, तर आधी डेंग्यूची तपासणी होणार. प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी, अंगदुखी, ताप. चित्र हुबेहूब डेंग्यूचे. तपासणी निगेटिव्ह आली की ‘व्हायरल आहे’ म्हणून विषय संपतो. माकडतापाचे निदान आरटी-पीसीआर आणि अँटिबॉडीच्या तपासणीने होते, त्यातले बरेच तंत्र एनआयव्हीनेच विकसित केले आहे. नमुना त्याच शहरात काही किलोमीटरवर पोहोचवायचा असतो. तरी तो पोहोचत नाही, कारण ‘गेल्या पंधरवड्यात कुठे गेला होता?’ हे विचारायचे राहून जाते आणि रुग्णही आपणहून सांगत नाही. सहल आणि ताप यांचा संबंध त्याच्या डोक्यातच नसतो.

माकडताप पुणे जिल्ह्याच्या डोंगरांत आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. महाराष्ट्रातला त्याचा पट्टा सिंधुदुर्गाचा. पण गोचिडी एकच आजार पसरवत नाहीत. एनआयव्हीच्या व्ही. एस. पडबिद्री आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाचा विषयच ‘पुणे जिल्ह्यातले गोचीडजन्य रिकेट्सिया आजार’ असा होता. रिकेट्सिया हे अगदी लहान जिवाणू. त्यांच्यामुळे होणाऱ्या ‘इंडियन टिक टायफस’मध्ये ताप येतो, डोके दुखते आणि काही दिवसांत पुरळ उठतो, बऱ्याचदा तळहात आणि तळपायांवरसुद्धा. कुत्र्यांच्या अंगावरची तपकिरी गोचीड या आजाराची एक वाहक मानली जाते. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर कुत्र्याला मोकळे सोडून फिरणाऱ्यांनी, गडावर मागे लागलेल्या कुत्र्याला तंबूत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. ही गोचीड घराच्या भिंतींच्या फटींतही तग धरते, त्यामुळे कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने गोचीडनाशक औषध देणे हे घरच्या माणसांच्याही फायद्याचे.

गोचिडीच्याच गोतातल्या, पण डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर माइटच्या अळीमुळे स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याने माणसे दगावली, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. ओल्या गवतात, झुडपांत ही अळी असते; चावल्या जागी काहींना भाजल्यासारखी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली असल्याने नजरेतून सुटते. टिक टायफस आणि स्क्रब टायफस हे दोन्ही आजार डॉक्सिसायक्लिन नावाच्या जुन्या, स्वस्त औषधाने बरे होतात. उशीर झाला तर मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांना इजा होऊन जीव जाऊ शकतो. इथेही सगळे अडते ते डॉक्टरांना वेळेत शंका येण्यावर.

गोचीड उडत नाही, उड्या मारत नाही, झाडावरून टपकतही नाही. ती गवताच्या किंवा पानाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून थांबते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांचा माग तिला पुढच्या पायांवरच्या इंद्रियाने लागतो. पोटरी घासून गेली की ती चिकटते आणि वर चढत मऊ, उबदार जागा शोधते. तिच्या लाळेत जागा बधिर करणारी द्रव्ये असल्याने चावा कळत नाही. पूर्ण वाढलेली गोचीड निदान दिसते तरी. माकडताप देण्यात ज्यांचा हात मोठा, ती मधल्या अवस्थेतली पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. सावळ्या त्वचेवर तो एक तीळ समजून सोडून दिला जातो.

म्हणून बचावाची सुरुवात कपड्यांपासून. फिक्या रंगाची पूर्ण पँट, तिचे खालचे टोक मोज्यात खोचलेले, शर्ट आत खोचलेला. दिसायला गबाळे, पण गोचिडीला कपड्याच्या बाहेरून वर चढावे लागते आणि फिक्या रंगावर ती दिसते. वाटेच्या मधोमध चालावे, पाचोळ्यावर थेट बसू नये, सॅक आणि कपडे गवतावर टाकू नयेत. उघड्या त्वचेला कीटकरोधक लावावे. गोचिडींसाठी त्यातल्या ‘डीट’ या द्रव्याचे प्रमाण २० टक्के किंवा जास्त असावे, असे अमेरिकेची रोग नियंत्रण यंत्रणा सांगते. बाजारातल्या डासांच्या प्रत्येक मलमात तेवढे असेलच असे नाही, तेव्हा वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचावा. ग्वाल्हेरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने शोधलेले ‘डेपा’ हे देशी कीटकरोधक कर्नाटकात माकडतापाच्या गावांत वाटले गेले आहे. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, फोटोसाठीही नाही. त्याच्या अंगावरच्या गोचिडी नव्या यजमानाच्या शोधात तिथेच आसपास पसरलेल्या असतात. वनखात्याला कळवावे आणि वाट बदलावी.

मुक्कामी पोहोचल्यावर शक्यतो दोन तासांच्या आत अंघोळ करावी आणि अंग तपासावे. कानामागे, केसांच्या मुळाशी, मानेवर, काखेत, बेंबीत, कमरेभोवती, जांघेत, गुडघ्याच्या मागे. लहान मुलांचे मोठ्यांनी पाहावे. कपडे लगेच गरम पाण्यात टाकावेत.

आणि चिकटलेली सापडलीच तर? गावोगावचे उपाय ठरलेले आहेत: रॉकेलचा थेंब, विडीचा चटका, चुना, खोबरेल तेल. यांतल्या कशानेही गोचीड शहाण्यासारखी सोडून जाईल याची खात्री नसते. उलट डिवचली गेल्याने तिच्या पोटातला ऐवज जखमेत उतरण्याचा धोका वाढतो. नखांत चिरडणे तर सर्वांत वाईट. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, कातडीला अगदी लागून तिला पकडावे आणि न पिरगाळता, न हिसडता सरळ वर ओढावे. तोंडाचा तुकडा आत राहिला तर कोरत बसू नये. जागा आणि हात साबणाने धुवावेत, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे, चिकटलेल्या गोचिडीचा फोटो घ्यावा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा पुरळ उठला, तर डॉक्टरांना पहिली गोष्ट ही सांगावी.

हीच सवय परदेशी जाणाऱ्यांच्याही कामी येते. मे-जूनमध्ये मुलीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडे सांभाळायला न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया गाठणारे पुण्यातले आजी-आजोबा थोडेथोडके नाहीत. घरामागचे हिरवळीचे अंगण, त्यात बिनधास्त येणारी हरणे बघून ते हरखतात. तोच भाग लाइम आजाराचा बालेकिल्ला आहे. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमसाठी उपचार होतात, असा तिथल्या सरकारी यंत्रणेचा अंदाज आहे. कनेक्टिकटमधल्या लाइम गावात १९७०च्या दशकात मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हा पॉली मरे या आईने टिपणे ठेवली, डॉक्टरांच्या नकाराला न जुमानता आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केला. १९७५ मध्ये तपास सुरू झाला आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विली बर्गडॉर्फर यांच्या शोधाने जिवाणू हाती लागला. गोलाकार पसरत जाणारा लाल चट्टा ही लाइमची ओळख, आणि बहुतेक रुग्णांत ती तीन ते तीस दिवसांत दिसते. म्हणजे तो चट्टा पुण्यात परतल्यावरही उमटू शकतो आणि इथे त्याला गजकर्ण समजून मलम लावले जाऊ शकते. युरोपात ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या डोंगरांत पायी फिरणाऱ्यांसाठी गोचीडजन्य मेंदूज्वराची लस उपलब्ध आहे. तिकडे लांबच्या ट्रेकला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी ती घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

या सगळ्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. अशा लेखांनी घबराट पसरते आणि कोकणातल्या होमस्टेवाल्यांच्या पोटावर पाय येतो. आक्षेप पोकळ नाही. सिंधुदुर्गातल्या अनेक घरांना पर्यटनाचा आधार आहे. पण जळवांच्या सूचनांनी पावसाळी ट्रेक बंद पडलेले नाहीत, सर्पदंशाच्या फलकांनी गड ओस पडलेले नाहीत. पाहुण्याला पूर्ण पँट घालायला सांगणारा, बागेच्या वाटेवरचा पाचोळा हटवलेला ठेवणारा यजमान उलट जास्त भरवशाचा वाटेल. शिवाय पर्यटकासाठी लावलेला फलक बागेतला गडीही वाचतो आणि धोका मुळात त्याच्या वाट्याला जास्त आहे.

करायचे फार नाही. ट्रेक आणि सहली नेणाऱ्या पुण्यातल्या मंडळांनी नोव्हेंबर ते मे या काळातल्या सूचनांत कपडे, अंगतपासणी आणि चिमटा यांच्या तीन ओळी घालाव्यात, प्रथमोपचार पेटीत बारीक टोकाचा चिमटा ठेवावा. वनखात्याने तिळारी, आंबोलीसारख्या ठिकाणी मेलेले माकड कुठे कळवायचे, तो दूरध्वनी क्रमांक ठळक मराठीत लावावा. पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाने आणि डॉक्टरांच्या संघटनांनी तापाच्या रुग्णाच्या केसपेपरवर प्रवासाचा एक रकाना आणावा: कुठे, कधी, गोचीड चावली होती का. एनआयव्हीकडे या विषाणूचा सहा दशकांहून जास्त काळाचा अभ्यास आहे, तो बहुतांशी इंग्रजी नियतकालिकांत आहे. त्यातले कामापुरते एका पानावर सोप्या मराठीत उतरवून संस्थेने ते मंडळांना, दवाखान्यांना आणि शाळांना द्यावे. हिवाळी सहलींची नोंदणी गणपती आटोपले की सुरू होते. पान तोवर छापून तयार असायला हवे.